उघडी गाडी आणि कोकणातला रस्ता: पलटी टाळायची कशी, झालीच तर निभवायचं कसं

पाऊस ओसरला की कोकणात उघड्या गाड्या दिसू लागतात. हूड पाडलेली थार, कुणाच्या वडिलांची जुनी जिप्सी, आणि आरे-वारेच्या चढावर एखादी मिनी कन्व्हर्टिबल नाहीतर बीएमडब्ल्यू झेड-फोर. हौसेला मोल नसतं, हे मान्य. पण यातल्या एखाद्याला विचारून बघा, 'गाडी उलटली तर तुमच्या डोक्याआधी जमिनीला काय टेकेल?' बरेचजण हुडाच्या नळ्यांकडे बोट दाखवतात. त्या नळ्या कापड ताणून धरायला असतात. त्यांना लोंबकळलं तरी त्या वाकतात, मग दीड टन गाडीचं काय घेऊन बसलात!

बंद गाडीत हा भार छपरावर आणि त्याच्या खांबांवर जातो. अमेरिकेत २००९ साली छपराचा नियम कडक झाला. हलक्या गाड्यांच्या छपरानं गाडीच्या वजनाच्या तिप्पट दाब सोसला पाहिजे, असं ठरलं. कन्व्हर्टिबल गाड्या या नियमातून वगळलेल्या आहेत. म्हणजे उघड्या गाडीत छपराचं काम तिघांत वाटलेलं असतं: पुढच्या काचेची चौकट, सीटमागचा बार (उलटल्यावर गाडीचा भार पेलणारी भक्कम कमान, म्हणजे रोल बार), आणि तुम्हाला खाली धरून ठेवणारा सीटबेल्ट. यातला एक जरी कच्चा असला, तर उरलेल्या दोघांचा फारसा उपयोग नाही. खाली दिलेलं सगळं या तिघांभोवती आणि रस्त्याच्या कडेभोवती फिरतं. कडेबद्दल जरा जास्त लिहिलंय, कारण कोकणात घात तिथंच होतो.

आपली गाडी कुठल्या जातीची?

साधारण तीन प्रकार आहेत.

पहिला, कायम उभा असलेला बार. झेड-फोरमध्ये सीटमागे दोन कमानी असतात त्या, जीप रँग्लरचा सांगाडा, किंवा २०२० नंतरच्या थारमध्ये कंपनीनंच दिलेला रोल केज, म्हणजे नळ्यांचा पिंजरा. हा प्रकार मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नाही. १९६५ साली पोर्शेनं ९११ टार्गा आणली तीच मुळी ही रुंद स्टीलची कमान दाखवत. अमेरिकेत उघड्या गाड्यांवर बंदी येईल अशी तेव्हा धास्ती होती.

दुसरा, लपलेला बार. मर्सिडीजनं १९८९ च्या एसएलमध्ये तो पहिल्यांदा आणला. गाडी उलटतेय असं सेन्सरनं ओळखलं की ०.३ सेकंदात बार वर येतो. नव्या मिनी कन्व्हर्टिबलमध्येही अशीच व्यवस्था आहे. व्होल्वोनं २००६ च्या सी-७० मध्ये तर पडद्यासारखी एअरबॅग दारातून वर फुगेल असं केलं, छपरात जागाच नाही म्हणून. या प्रकारात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची: डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा. रोल बारला वेगळा दिवा असेल तर तोही. गाडी सुरू केल्यावर दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. तो पेटलेलाच राहिला, तर बार वर येईल असं धरून चालू नका, गाडी आधी सर्व्हिस सेंटरला न्या.

दुसरी भानगड सीट कव्हरची. आपल्याकडचे सीट कव्हरवाले कामाला चोख असतात, दिसेल ते रेक्झिननं मढवून देतात. बार ज्या झाकणातून वर येतो ते मागचं झाकणही मढवतात, आणि सीटच्या कुशीतली एअरबॅगही शिवणीखाली घालतात. पुस्तिकेत झाकण कुठं आहे ते बघा आणि त्यावर कव्हर, टॉवेल, ओले कपडे, काहीही ठेवू देऊ नका. शिमग्याच्या किंवा लग्नाच्या मिरवणुकीत नवरदेवाला किंवा पोरांना गुंडाळलेल्या छपरावर बसवायची पद्धत निघाली आहे. ती माणसं नेमकी त्याच झाकणावर बसलेली असतात, आणि बेल्ट तर कुणालाच नसतो.

तिसरा प्रकार म्हणजे काहीच नसणं. जुन्या जीपा, जिप्सी, २०१० च्या काळातली कापडी हुडाची थार. यांतल्या जीप-जिप्सीची पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येते. फोटोला छान दिसतं. पण काच आडवी पाडली की पुढचा आधारही गेला. चालत्या रस्त्यावर ती कधीही पाडू नका.

थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या धडकवून तपासणाऱ्या संस्थेचे चार तारे मिळाले, हे लगेच कुणीतरी सांगेल. मिळाले, आणि ते चांगलंच आहे. पण त्या चाचणीत गाडी उलटवून बघत नाहीत.

बांबू लावून बघा

ही परीक्षा रेसिंगवाले करतात, आणि घरच्या अंगणात पाच मिनिटांत होते. गाडी सपाटीला उभी करा, हूड काढा. नेहमी बसता तसे सीटवर बसा आणि बेल्ट लावा. आता दोघांनी एक सरळ बांबू धरायचा: एक टोक पुढच्या काचेच्या चौकटीच्या माथ्यावर, दुसरं सीटमागच्या बारच्या माथ्यावर. गाडी उलटी झाली तर जमीन साधारण या रेषेवर येईल. तुमचं डोकं बांबूच्या खाली, निदान दोन इंच खाली असायला हवं.

डोकं बांबूला लागत असेल तर आधी सीट खाली घ्या, मग पाठ थोडीशी मागे. फार मागे नको, नाहीतर बेल्ट खांद्यावरून सुटतो. सीटवर जाड उशी घेऊन बसायची सवय असेल तर ती काढा. उंच माणसांचं काही गाड्यांत जमतच नाही, आणि त्याला इलाज नाही. हीच परीक्षा शेजारच्या आणि मागच्या सीटवर करा. बऱ्याच टू-प्लस-टू (पुढे दोन मोठ्या, मागे दोन छोट्या सीटच्या) गाड्यांत मागच्या माणसाचं डोकं रेषेच्या वर जातं, किंवा मागे बारच नसतो. जुन्या जीपेतल्या आडव्या बाकांवर तर बेल्टही नाही आणि बारही नाही. तिथं माणसं बसवायची असतील तर निदान मुलं बसवू नका. मुलांची जागा पुढे तोंड असलेल्या, बेल्ट असलेल्या सीटवर.

खारी हवा

समुद्राकाठच्या घरांत ग्रीलची काय गत होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. गाडीतही तेच होतं, फक्त गालिच्याखाली. उघड्या गाडीत पाऊस आणि खारं दंव आत येतं, मॅटखाली साठतं, आणि बारचे पाय जिथं बोल्टनं बसवलेत तिथंच गंज धरतो. वरून रंग ठणठणीत दिसतो.

वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि दिवाळीच्या आसपास, मॅट आणि गालिचा उचला. बारच्या चारही पायांशी आणि बेल्टच्या हुकांशी पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. टणक आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला किंवा पापुद्रा निघाला, तर टोकानं टोचून बघा. टोक आत गेलं तर तो पत्रा कापून नवीन वेल्ड केल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. नुसता रेड ऑक्साईड फासून भागत नाही. जुन्या जीप-जिप्सीत काचेच्या चौकटीची बिजागरी आणि तळही असेच बघा. चिकटवलेली काच बदलली असेल, तर ती योग्य चिकटद्रव्यानं बसवली का आणि सुकायला पुरेसा वेळ दिला का, हे विचारा. ती काच चौकटीच्या ताकदीचा भाग असते.

बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. कडा उसवल्यात का, उन्हानं रंग उडून पट्टा कडक झालाय का, ते बघा. मग झटका द्या, तो अडकायला हवा. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, फिरणाऱ्या गाड्यांत वाळू रीळमध्ये जाते आणि पट्टा परत आत ओढला जात नाही, तिथंच लोंबतो. असा सैल बेल्ट उलटताना काही कामाचा नाही, कारण माणूस तेवढा वर उचलला जातो आणि बांबूची रेषा मोडते. पट्टा सौम्य साबणाच्या पाण्यानं पुसा आणि सावलीत वाळवा. तेल, ग्रीस, स्प्रे काही लावू नका. सुधारला नाही तर बदला.

बेल्ट लावताना कमरेचा भाग पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा, आणि खांद्याचा भाग ओढून घट्ट. साधी सूचना आहे, पण उघड्या गाडीत तिच्यावर सगळं अवलंबून आहे. माणूस गाडीबाहेर फेकला गेला की बार असून नसल्यासारखा.

बार बसवून घ्यायचा असेल तर

जिप्सीला किंवा जुन्या जीपला बार बसवणारे फॅब्रिकेटर गावोगाव आहेत. त्यातले पुष्कळजण स्टेनलेसची चकचकीत नळी वाकवून, पत्र्याला चार बोल्ट मारून देतात. तो बार नाही, दागिना आहे. काहीजण तर पाण्याची जीआय पाईप वापरतात.

मोजायला माप हवं म्हणून सांगतो. मोटरस्पोर्टची जागतिक संस्था एफआयए मुख्य कमानीसाठी सांधा नसलेली, थंड ओढलेली कार्बन स्टीलची नळी मागते: ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी आणि २ मिमी. पायाखाली निदान ३ मिमी जाडीचा, १२० चौरस सेंटिमीटरचा पत्रा, आणि प्रत्येक पायाला किमान तीन एम-८ बोल्ट, ८.८ ग्रेडचे. मागच्या तिरक्या आधारांचा उभ्या रेषेशी कोन किमान ३० अंश. तुमच्या वेल्डिंगवाल्याला हे आकडे वाचून दाखवा. तो हसला तर दुसरा शोधा. नळी वाकवलेल्या जागी चेपलेली किंवा सुरकुतलेली दिसली तर ती परत द्या. शिडीसारखी चासी असलेल्या गाडीत बारचे पाय शक्यतो चासीपर्यंत पोचले पाहिजेत. नुसत्या टबच्या (चासीवर बसवलेल्या बॉडीच्या) पत्र्यावर उभे केले तर ते पत्रा फाडून खाली जातात.

आता उलट बाजू. रेसमध्ये डोक्यावर हेल्मेट असतं. रस्त्यावर नसतं, आणि डोक्याजवळची उघडी नळी साध्या धडकेतही कवटी फोडू शकते. डोकं पोचेल तिथं सगळीकडे रोल बारसाठी मिळणारं कडक, दाट फोम लावा. मऊ स्पंज बोटानं दाबला की तळाला लागतो, तो लावून उपयोग नाही. आणि संपूर्ण पिंजऱ्याच्या नादी लागू नका. रोजच्या गाडीत डोक्याच्या आजूबाजूला जितक्या नळ्या कमी, तितकं बरं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. काम करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. नंतर दाव्याच्या वेळी हाच बार अंगाशी येतो.

उंची वाढवली की हिशेब बदलतो

गाडी किती सहज कलंडेल याचं एक ढोबळ गणित आहे. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. समजा अंतर १५० सेंमी आणि उंची ६५ सेंमी, तर उत्तर १.१५. लिफ्ट किट आणि मोठे टायर टाकून मध्य ५ सेंमी वर गेला की उत्तर १.०७. आकडा जितका लहान तितकी गाडी लवकर कलंडते. बसक्या स्पोर्ट्स गाडीत तो १.४ च्या आसपास किंवा वर असतो, म्हणून त्या चिकटून पळतात. मागे चार जण उभे राहिले की तेही वजन वर जातं, हे वेगळं सांगायला नको. ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, असेल तर ती बंद करू नका.

रस्त्याची कड

वळणावर वेगात वळलं की गाडी उलटते, असा समज आहे. अमेरिकेतल्या एनएचटीएसए या रस्ता सुरक्षा संस्थेच्या म्हणण्यानुसार, एकटी गाडी उलटते तेव्हा सुमारे ९५ टक्के वेळा ती आधी घसरते आणि मग चाक कशाला तरी अडतं: मऊ माती, दगड, गटाराची कड. आपल्याकडे हे सगळं डांबरापासून दोन फुटांवर हजर असतं. म्हणून भर पावसात 'रस्ता निसरडा आहे, टायर पकडच धरत नाहीत, मग उलटेल कशी' हा युक्तिवाद फसवा आहे. ओल्या रस्त्यावर गाडी आधी सरकते आणि कडेला जाऊन उलटते.

आमच्या रस्त्यांवर थरावर थर डांबर टाकलेलं असतं, साईडपट्टी मात्र तशीच खाली राहिलेली. कुठं चार इंच, कुठं अर्धा फूट उतार. जूनपासून लाल माती लोण्यासारखी होते. ऑगस्टपर्यंत गवत इतकं वाढतं की गटार दिसत नाही, आणि गणपतीला आलेला पाहुणा ते गवत म्हणजे सपाट जमीन समजतो. चिऱ्यांचे (जांभ्या दगडाचे) ट्रक जिथून बाहेर पडतात तिथं रस्त्यावर मातीचा थर असतो. पहिल्या सरीनंतर त्यावर ब्रेक मारणं म्हणजे शेवाळावर मारणं.

चाक साईडपट्टीवर उतरलं तर काय करायचं ते पाठच करा. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा आणि वर यायची घाई करू नका. ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेक अगदी हलके. गाडी माणूस चालतो त्या वेगाला आली की आरशात बघा, आणि जिथं उतार कमी आहे तिथून हळूच वर घ्या. झटका देऊन वर चढवायला गेलात, तर चाकाची बाजू डांबराच्या कडेला घासत राहते आणि एकदम वर येते. मग गाडी समोरच्या लेनमध्ये फेकली जाते, आपण उलट दिशेनं स्टिअरिंग मारतो, आणि दुसऱ्या झोल्यात ती कलंडते. रिकाम्या मैदानात, डांबराच्या कडेवर, वीसच्या वेगानं हे दोन-चार वेळा करून बघा. हाताला सवय लागते.

एसटीला साईड देताना बहुतेकजण चालत्या गाडीतच डावीकडे उतरतात. तसं करू नका. आधी डांबरावरच पूर्ण थांबा. शेजारच्याला उतरून बघायला सांगा, खाली जमीन आहे की गवत. मगच चाक उतरवा. एसटीचा ड्रायव्हर थांबतो, त्याला या रस्त्यांची सवय आहे. हॉर्न मागचा पाहुणाच वाजवतो. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असा नियम आहे. आंबोली, करूळ, कुंभार्ली, कुठंही उतरत असाल तर तुम्ही थांबायचं. आणि दरीकडे थांबायचंच असेल तर कठड्याच्या भरवशावर नको.

वळणाआधी वेग कमी, वळणात ब्रेक नाही. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून इथं लांबण लावत नाही.

पुळण आणि सडा

किनाऱ्यावर गाडी घालू नका. बऱ्याच किनाऱ्यांवर बंदी आहे, भरतीत गाड्या गेल्याच्या बातम्या दर मोसमात येतात, आणि वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत कासवांची अंडी असतात. पलटीच्या दृष्टीनं बघायचं तर आडवं सरकणारं चाक मऊ वाळूत रुततं, आणि अडकून उलटण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

कुठं परवानगी असलेल्या जागी गेलातच, तर वाळूसाठी टायरमधली हवा कमी केली जाते. परत डांबरावर येताना ती भरायचं विसरतं. कमी हवेचा टायर वळणावर रिमवरून सुटतो, रिमची कड रस्त्यात घुसते, आणि पुढचं वर लिहिलंच आहे. हवा भरायचा छोटा पंप गाडीत ठेवा. दाब दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, गाडी थंड असताना.

कातळसड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, मोकळं रान दिसतं म्हणून लोक जीप सोडतात. तिथं बंद पडलेल्या चिरेखाणी असतात. काठ सरळ कापलेले, कुंपण नाही, पावसाळ्यात पाण्यानं भरलेल्या आणि भोवती गवत. अनोळखी सड्यावर आधी पायी चाला. उतारावर आडवं जाऊ नका, सरळ चढा किंवा सरळ उतरा.

उलटलीच तर

हात आत. बार किंवा काचेची चौकट धरायचा मोह होतो आणि बोटं जातात. स्टिअरिंग धरा, मागे बसलेल्यांनी हात छातीशी घ्यावेत, हनुवटी खाली.

गाडी थांबली की इंजिन बंद. उलटे लटकला असाल तर लगेच बेल्ट सोडू नका, सगळं वजन मानेवर येईल. पाय पुढे घट्ट रोवा, एक हात जमिनीला टेकवा, आणि मग दुसऱ्या हातानं सोडा. बकल दबत नसेल तर बेल्ट कापायची सुरी हवी. ती ग्लोव्ह बॉक्समध्ये नको, उलट्या गाडीत तो उघडत नाही. ड्रायव्हरच्या हाताशी बांधून ठेवा. खाली पऱ्याचं (ओढ्याचं) किंवा गटाराचं पाणी असेल तर घाई करावीच लागते. तिथं मानेपेक्षा श्वास आधी.

गावातली माणसं दोन मिनिटांत धावून येतात, हे कोकणाचं मोठं बळ. पण दहा जण मिळून 'हैस्सा' करून गाडी सरळ करतात, आणि खाली अडकलेला माणूस त्यातच चिरडतो. त्यांना सांगा: आधी गाडी हलणार नाही असं करा. चिरे आसपास कुठंही मिळतात, ते बाजूनं रचा, लाकडं टेकवा. मग माणूस बाहेर काढा. पेट्रोलचा वास असेल तर विडी-सिगारेट लांब. शुद्धीवर असलेल्या माणसाची मान धरून ठेवा, त्याला बसवू नका, पाणी पाजू नका. १०८ ला फोन करा किंवा ११२ ला, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ही आहे. जागा सांगताना नुसतं गाव नको, वाडी, मोरी, देऊळ, जवळचा थांबा सांगा. मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होईल ही भीती घालवायला कायद्यात २०१९ पासून कलम १३४ अ आहे, तेही जमलेल्यांना सांगा.

वर न आलेला लपलेला बार नंतरही उसळू शकतो. त्याच्या झाकणावर वाकून मागच्या माणसाला ओढू नका, बाजूनं जा.

दुखलं नाही म्हणून घरी जाऊन झोपू नका, डॉक्टरला दाखवा. गाडीचे फोटो काढून पंचनामा होईपर्यंत ती हलवू नका, अर्थात रस्ता अडत नसेल तर. दुरुस्तीत, उलटताना लावलेले सगळे बेल्ट बदलायचे, ताणलेला पट्टा दुसऱ्यांदा तितका धरत नाही. कंपनीचा बार वर आला असेल तर तो आणि त्याचा सेन्सर कंपनीकडूनच तपासून घ्यायचा. वाकलेली काचेची चौकट गॅसनं तापवून सरळ करतो म्हणणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत आणा. आजच्या गाड्यांत तिथलं पोलाद खास प्रक्रिया केलेलं असतं, तापवलं की त्याची ताकद जाते. जुनी उघडी गाडी विकत घेतानाही हीच चौकट आधी बघा. दोन्ही खांबांच्या मुळाशी रंगाचा पोत वेगळा दिसला किंवा वेल्डिंगची रेघ बोटाला लागली, तर किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी नको.